नायट्याची बखर

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी कंदिलाच्या उजेडात न्हाणे चाले. आजी एकेका नातवंडाला पाटावर बसवी, कोमट तेल जिरवी आणि उटण्याने अंग चोळून काढी. तिचे हात पाठीवरून फिरत, तसे डोळेही फिरत. वर्षभरात कोणाच्या अंगावर काय उठले, याची मोजदाद त्या एका पहाटे होत असे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एका दिवाळीला तिचा हात माझ्या कमरेपाशी थांबला. रुपयाएवढे, कडेला लाल आणि मधे निवळलेले एक कडे तिला दिसले. "नायटा झालाय पोराला," एवढेच ती म्हणाली. धाकट्या भावाचे उटणे मग दुसऱ्या वाटीत कालवले गेले. त्या वर्षीचे फटाके मला आठवत नाहीत. ती निराळी वाटी मात्र आठवते.

पुढे जन्मभर मी शाळेत इतिहास शिकविला. लढायांच्या आणि तहांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. पण एवढ्याशा नायट्यालाही इतिहास आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले, आणि तेही घरात एक प्रकरण घडले म्हणून. ते प्रकरण शेवटी सांगेन. आधी बखर ऐकावी.

आमचे कळंब इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठच्या मुलखात. हा मूळचा अवर्षणाचा भाग. १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरकडे आला. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना कळंबच्या शिवारात उभा राहिला आणि त्याच्याभोवती वालचंदनगर वसले. ज्या रानात पूर्वी बाजरीला पाऊस पुरत नसे, तेथे बारमाही ओल आली. कालव्याने आम्हांला ऊस दिला, पक्की घरे दिली, शाळा दिली. त्याबरोबर रात्री-अपरात्री अनवाणी दारे धरणाऱ्या माणसाच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्याही दिल्या. बुरशीला ऊब लागते आणि ओल लागते. ऊब आमच्या उन्हात होतीच. ओल कालव्याने पुरविली. घामाने भिजलेली बंडी, करकचून बांधलेली नाडी, न वाळलेले धोतर, एवढे तिला पुष्कळ झाले.

आजीचा उपाय टाकळ्याचा. पावसाळ्यात बांधावर माजणाऱ्या टाकळ्याच्या शेंगा वाळल्या की ती बी काढून ठेवी आणि आंबट ताकात वाटून नायट्यावर थापी. झोंबे, पण आम्ही सोसत असू. या टाकळ्याचे संस्कृत नाव चक्रमर्द. चक्र म्हणजे हेच अंगावरचे कडे, आणि त्याचे मर्दन करणारा तो चक्रमर्द. नायट्याला आयुर्वेदात दद्रु म्हणतात. चरकाने त्याची गणना क्षुद्र कुष्ठांत केली, तर सुश्रुताने महाकुष्ठांत. त्या ग्रंथांत कुष्ठ हा शब्द कातडीच्या अनेक विकारांना मिळून वापरलेला आहे. पुढे लोकभाषेत त्या शब्दाला महारोगाचाच अर्थ चिकटला आणि कातडीवरचा कोणताही डाग लपविण्याची गोष्ट होऊन बसला. माझ्या मते आजीच्या त्या निराळ्या वाटीचे मूळ इतके लांब जाते.

आता दुसऱ्या औषधाची हकीगत. ती आपल्या मुंबई-गोव्याची आहे आणि मोठी मौजेची आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नायट्यावर 'गोवा पावडर' नावाची पिवळसर-तपकिरी पूड विकली जाई. ती गोव्याच्या पोर्तुगिजांकडून येई. तिचे मूळ कोठले, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नसे. मुंबईतले औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ साली तिच्याविषयी लिहिले. पुढे १८७४ च्या सुमारास कलकत्त्यास नोकरी केलेले सर्जन फेरर यांचा या पुडीवरचा लेख ब्राझीलमधील बाहिया येथल्या डॉ. दा सिल्वा लिमा यांच्या वाचनात आला. त्यांनी ताबडतोब ओळखले, की ही तर आपल्याकडची अरारोबा! बाहियाच्या जंगलातल्या एका उंच वृक्षाच्या खोडातील भेगांत ही पूड साठते. झाड तोडून, फोडून ती खरवडतात, आणि खरवडणाऱ्यांचे डोळे व तोंड तिने चुरचुरतात. म्हणजे 'गोवा' हे नुसते वाटेतल्या बंदराचे नाव. माल सातासमुद्रांपलीकडचा.

रसायनशास्त्रज्ञांनी या पुडीची फोड केली तेव्हा तीत ज्या जातीची द्रव्ये सापडली, त्याच जातीची द्रव्ये आमच्या टाकळ्याच्या बियांतही आहेत. ब्राझीलच्या रानातल्या माणसाने आणि कळंबच्या बांधावरच्या आजीने, एकमेकांचे नावही न ऐकता, एकाच कुळातले औषध हेरले होते! दोन्हींचा गुणही सारखा. ती कातडीला चेतवतात. गोवा पावडर लावली की भोवतालची कातडी लाल होई, झोंबे, वरचा थर सोलून निघे, आणि अंगाला व कपड्यांना जांभळट-तपकिरी डाग पडत. हा चेतवण्याचा गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा. बखरीचा पुढचा सारा भाग त्याच्यावरच आहे.

इकडे युरोपात नायट्याचे कारण शोधले जात होते. क्षयाचा जंतू कॉख यांनी १८८२ साली दाखविला, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच्या चाळीस वर्षे आधी, १८४१ साली, पॅरिसमध्ये राहणारे हंगेरीचे डॉ. डेव्हिड ग्रुबी यांनी डोक्यावरच्या खवड्यांत बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि रोगाचे कारण तेच, असे मांडले. बर्लिनचे रॉबर्ट रेमाक यांनी तर त्याच सुमारास ती बुरशी स्वतःच्या हातावर लावून घेऊन रोग ओढवून घेतला. माणसाच्या रोगाचे कारण म्हणून जे सूक्ष्म जीव पहिल्याप्रथम ओळखले गेले, त्यांत नायट्याच्या कुळातली ही बुरशी आहे. एवढा मान तिला इतिहासाने द्यायलाच हवा.

कारण सापडले, पण कोडे उरले. एकाच घरात, एकाच पंचाने अंग पुसणाऱ्या चौघांपैकी एकाचा नायटा महिनाभरात आपोआप जातो आणि दुसऱ्याचा वीस वर्षे मुक्काम करतो, हे कसे?

याचे उत्तर बुरशीत जेवढे आहे, तेवढेच आपल्या कातडीत आहे. नायट्याची बुरशी शिरते ती कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात. नखे आणि केस ज्या द्रव्याचे बनतात, ते केराटिन हे तिचे अन्न. तेथे रक्त पोचत नाही. जणू ती गढीच्या तटाबाहेर, पडक्या ओवरीत बिऱ्हाड थाटते. आतल्या पहारेकऱ्यांना तिची चाहूल लागली तर ते दोन गोष्टी करतात. पहिली ही, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावतात. कातडी लाल होते, सुजते, खाजते. दुसरी, कातडी नेहमीपेक्षा भराभर नवे थर तयार करू लागते आणि वरचा मेलेला थर बुरशीसकट झाडून टाकते. झाडून टाकण्याच्या वेगापुढे बुरशीच्या वाढीचा वेग कमी पडला की रोग हटला. नायट्याचे कडे मधे निवळलेले आणि कडेला लाल का दिसते, तेही यावरून उमजते. मधली लढाई कातडीने जिंकलेली असते. बुरशी बाहेर बाहेर सरकत असते आणि लाल कड ही त्या दिवसाची रणभूमी असते.

हा पहारा असतो, हे प्रयोगाने दाखविणारे पहिले लोक जर्मन भाषक मुलखातले. १९०२ साली ब्रेस्लाऊच्या नायसर यांच्या रुग्णालयातून 'ट्रायकोफायटिन'ची माहिती प्रसिद्ध झाली. हा नायट्याच्या बुरशीचा अर्क. ज्याच्या कातडीने ती बुरशी पूर्वी ओळखलेली आहे, त्याला तो टोचला की त्या जागी लाली आणि सूज येते. मग स्विस वैद्य ब्रूनो ब्लॉख यांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. पहिल्या वेळी बुरशी लावली तर रोग काही आठवडे चाले आणि बरा होई. त्याच प्राण्याला पुन्हा लावली तर कातडी लगेच खवळे आणि रोग थोडक्यात आटोपे. कातडीला आठवण असते, आणि त्या आठवणीतून तिला राग येतो, असा त्याचा अर्थ.

हा राग कोणावर किती येईल, हे पाहुणा कोठून आला यावर पुष्कळसे ठरते. गोठ्यातून, गाईवासरांच्या अंगावरून आलेली बुरशी माणसाच्या कातडीला परकी. ती आली की कातडी पेटून उठते. गळवासारखी सूज येते, पू वाहतो, बघवत नाही. पण असा नायटा बहुधा आपणहून बरा होतो आणि पुढे बराच काळ पुन्हा येत नाही. उलट जी बुरशी पिढ्यान्‌पिढ्या माणसावरच राहत आली, ती शहाणी झालेली असते. लंकेत काम केलेले इटालियन वैद्य कास्तेलानी यांनी १९१० साली वर्णन केलेली 'ट्रायकोफायटन रुब्रम' ही त्यांतली. ती आवाज करत नाही. तिच्या आवरणात मॅनन नावाचे शर्करेच्या जातीचे द्रव्य असते आणि ते पांढऱ्या पेशींची वाढ मंदावते. म्हणजे चोर पहारेकऱ्याला गुंगीचे पान खाऊ घालतो! तळव्याची साल निघते, नख जाड व पिवळे होते. खाज थोडी किंवा मुळीच नाही. माणूस म्हणतो, "दुखत नाही, खुपत नाही, जाऊ द्या." आणि बुरशी वीस-वीस वर्षे राहते.

माणसांमाणसांतही फरक असतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत डॉ. जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी तपासले, तेव्हा असे आढळले, की ट्रायकोफायटिन टोचल्यावर ज्यांना दोन दिवसांनी लाल, घट्ट सूज येते, त्यांचा नायटा बरा होण्याच्या वाटेवर असतो. ज्यांना पंधरा-वीस मिनिटांत पित्तासारखी गांधी उठते आणि दोन दिवसांनी काहीच येत नाही, त्यांचा नायटा पुष्कळदा चिवट निघतो. दमा किंवा पित्त उठण्याची प्रकृती असलेले लोक या दुसऱ्या गटात जास्त होते. पहारा त्यांच्याकडेही असतो. फक्त तो चुकीच्या दरवाजावर काठ्या आपटत असतो. २०१३ साली तर उत्तर आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत असे रुग्ण आढळले, की त्यांच्यात 'कार्ड-९' नावाच्या एका जनुकात जन्मतःच दोष होता आणि त्यामुळे हीच साधी बुरशी तट ओलांडून शरीरात खोल शिरली होती. एरवी आपला पहारा मुकाट्याने केवढे काम करीत असतो, ते अशा माणसांकडे पाहून कळते.

आता या बखरीतला सर्वांत विलक्षण योग. ब्लॉख यांच्याकडे झुरिचला शिकलेला मॅरिअन सल्झबर्गर नावाचा अमेरिकन शिष्य होता. त्याने आणि विटन यांनी १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड मलमाच्या रूपाने कातडीवर लावून इसबासारखे विकार शमतात, हे दाखविले. औषध मोठे, उपकार मोठे. इसबात कातडी विनाकारण रागावलेली असते. तिला शांत करणे हाच तेथे उपाय. पण गुरूने जो राग कामाचा म्हणून दाखविला, तोच शमविण्याचे औषध शिष्याच्या हातून जगाला मिळाले. नायट्यावर तेच मलम लावले तर काय होईल? खाज थांबेल, लाली जाईल, पहारेकरी झोपतील आणि बुरशीला रान मोकळे मिळेल. १९६८ साली लंडनच्या आइव्ह आणि मार्क्स यांनी असे रुग्ण पाहून त्या रोगाला 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणजे वेश पालटलेला नायटा असे नाव दिले. कडे मोडलेले, आकार बिघडलेला, वैद्यालाही चटकन न ओळखणारा.

त्याआधीच बुरशीवरची खरी औषधे निघू लागली होती. १९३९ साली वेगळे केलेले ग्रिसिओफल्विन १९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनीपिगांना पोटातून दिले आणि नायटा हटला. पुढे आणखी गोळ्या आल्या, मलमे आली. नायट्याचा इतिहास संपला, असे वाटावे अशी स्थिती होती. तो संपला नाही, हे मला घरातच पाहावे लागले.

२०१६ च्या पावसाळ्यात आमच्या सूनबाईच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तेथे, नायटा उठला. ती नुकतीच माहेरी जाऊन आली होती. "माहेराहून आणलंय," असे आमच्या मंडळींनी ठरवून टाकले. तिची बादली वेगळी झाली, कपडे वाळत घालायची दोरी वेगळी झाली. इंग्रजी अंमलात गोऱ्या साहेबांनी जांघेतल्या नायट्याला 'धोबी इच' म्हणजे धोब्याची खाज असे नाव दिले होते. आपल्या घामाचा आणि घट्ट विजारींचा दोष त्यांनी कपडे धुणाऱ्या गरिबावर ढकलला. ही गोष्ट मला ठाऊक होती, आणि तरीही माझ्या घरात सुनेचा धोबी होत असताना मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

तिने लाजेने कोणाला दाखविले नाही. मेडिकलमधून एक ट्यूब आणविली. दोन दिवसांत खाज गेली. पंधरा दिवसांनी दुप्पट होऊन परत आली. पुन्हा ट्यूब. असे चौदा महिने चालले. तोवर मुलाला झाले, नातवाच्या मानेवर आले. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड होते, हे आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. हे फक्त आमच्याच घरी घडत नव्हते. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर चिवट नायट्याची साथच उठली. अशा मिश्र ट्यूबा सर्रास लावल्या गेल्या आणि टर्बिनाफिन या हुकमी औषधालाही दाद न देणारी बुरशी पसरली. २०२० साली जपानी संशोधकांनी तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. त्यांनी तपासलेले नमुने एका भारतीयाच्या आणि एका नेपाळी बाईच्या कातडीवरचे होते. गोवा पावडरीप्रमाणे याही वेळी नावात आपला देश आला. स्टेरॉइडची चौदा मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. पण नियम दुकानाच्या फळीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

शेवटी मुलगा सर्वांना बारामतीच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेला. "घरातलं एकही माणूस मागं ठेवायचं नाही," असा त्यांचा निरोप होता. सुनेला तपासून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "आबा, पायमोजे काढा."

माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे जाड, पिवळी, ठिसूळ. टाचेची साल निघालेली. मास्तरकीच्या दिवसांपासूनचे ते.

"किती वर्षांचं?"

"वीस तरी असतील. पण खाजत नाही, म्हणून कधी दाखवलं नाही."

"खाजत नाही, तेच तर वाईट," असे म्हणून त्यांनी नख खरवडले, काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकला आणि काही वेळाने मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले. फांद्या फुटलेले बारीक तंतू स्वच्छ दिसत होते. ग्रुबी यांनी पॅरिसमध्ये पाहिले, ते याच कुळातले.

मी विचारले, "म्हणजे घरात हे माझ्यापासून सुरू झालं?"

बाई म्हणाल्या, "कुणाकडून कुणाला गेलं, ते आता सांगता येत नाही. तुमच्या नखातली बुरशी आणि हिच्या कमरेवरची एकच की निराळी, तेही नुसतं बघून ठरत नाही. पण मग हिनंच आणलं, हे तरी कुणी ठरवलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. इतिहासाच्या मास्तराने पुराव्याशिवाय निकाल होऊ दिला होता.

ट्यूब बंद झाली. पहिले पंधरा दिवस कठीण गेले. सूनबाईची कातडी पेटल्यासारखी लाल झाली आणि ती रडकुंडीला आली. बाईंनी आधीच बजावले होते, की दाबून ठेवलेला राग आता बाहेर येईल, घाबरू नका. मग पोटातली औषधे सर्वांनी एकाच वेळी सुरू केली. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळविले. पंचे ज्याचे त्याचे वेगळे, पण दोरी एकच. घरातल्यांना काही महिने लागले. माझ्या नखांनी वर्ष घेतले, कारण पायाचे नख मुळापासून नवे यायला तेवढा काळ लागतोच.

पुढच्या नरकचतुर्दशीला मी पहाटे सर्वांच्या आधी उठलो. उटणे मीच कालविले आणि एकाच मोठ्या वाडग्यात कालविले. नातवाला पाटावर बसवून सूनबाई त्याची पाठ चोळू लागली, तेव्हा तिला म्हणालो, "सूनबाई, त्या चौदा महिन्यांत चूक आमची झाली. मला तेव्हाच बोलायला हवं होतं."

ती काही बोलली नाही. तिने वाडगा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "आबा, तुम्हीही लावून घ्या. पाणी निवतंय."